शिडीच्या आकाराचे मेदाम्ल

सन २०१५ च्या सुमारास एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शिक्षकांचे शिबिर भरले होते. कार्बनी संयुगांच्या तासाला आम्ही फळ्यावर तीन कार्बन अणूंचे एक वलय काढले, शेजारी चार अणूंचे काढले आणि नेहमीचे वाक्य म्हटले, "या वलयांतले बंध ताणलेले असतात, म्हणून ती सहज मोडतात." मागच्या बाकावरच्या एका बाईंनी हात वर केला. "मग सजीवांमध्ये अशी वलये सापडत नसतील ना?"

सापडतात, असे आम्ही सांगितले. काही जीवाणूंच्या मेदाम्लांत तर चार-चार अणूंची पाच वलये एकमेकांना चिकटून शिडीसारखी उभी असतात. त्यावर बाईंचा दुसरा प्रश्न आला, "इतका खटाटोप जीवाणू कशासाठी करतात?" त्याचेही उत्तर आम्ही दिले. त्या काळात ते उत्तर संशोधनपत्रिकांत वारंवार छापले जात होते. तीन वर्षांनी ते प्रयोगाने तपासले गेले आणि टिकले नाही.

बाईंचे नाव-गाव आम्ही टिपून ठेवले नव्हते. म्हणून दुरुस्त केलेले उत्तर येथे सर्वांसाठीच लिहीत आहोत. ते नीट कळण्यासाठी मात्र सुरुवात जरा मागून, स्वयंपाकघरातून करावी लागेल.

खोबरेल आणि शेंगदाण्याचे तेल

थंडीत खोबरेलाची बाटली थिजते, पण शेजारची शेंगदाण्याच्या तेलाची बाटली पातळच राहते. दोन्ही तेले मेदाम्लांपासूनच बनलेली आहेत. मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची एक लांब साखळी. तिच्या एका टोकाला आम्लाचा, म्हणजे कार्बॉक्सिल, गट असतो. उरलेली साखळी ही त्या रेणूची शेपटी. ती पाण्यात मिसळत नाही.

शेपटीतले सर्व बंध एकेरी असतील तर मेदाम्ल संपृक्त असते आणि शेपटी सरळ राहते. अशा शेपट्या आगपेटीतल्या काड्यांप्रमाणे एकमेकींना चिकटून बसतात. स्टिअरिक आम्लाच्या साखळीत १८ कार्बन आहेत आणि ते सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते. ओलेइक आम्लातही कार्बन १८ च आहेत, पण साखळीच्या मधोमध एक दुहेरी बंध आहे. तेथे शेपटीला बाक येतो. वाकड्या काड्या आगपेटीत नीट बसत नाहीत, तशाच या शेपट्याही. त्यामुळे ओलेइक आम्ल १५ अंशांच्या आसपासच वितळते. खोबरेलात संपृक्त मेदाम्ले पुष्कळ असतात, शेंगदाण्याच्या तेलात असंपृक्त मेदाम्ले अधिक असतात. दोन बाटल्यांमधला फरक एवढाच.

आता हीच गोष्ट पेशीला लावून पाहू. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असते. त्यात फॉस्फोलिपिडांचे दोन थर असतात. त्यांची डोकी पाण्याकडे वळलेली आणि मेदाम्लांच्या शेपट्या आत, एकमेकींसमोर, असतात. हे पटल खोबरेलासारखे थिजून चालत नाही, कारण त्यात बसवलेल्या प्रथिनांना हलता आले पाहिजे. पण ते फार सैलही असून चालत नाही, कारण ते गळता कामा नये.

न गळण्याचे महत्त्व एका दाखल्याने पाहू. गावात टेकडीवर पाण्याची टाकी असते. पंपाने पाणी वर चढवायचे आणि उतरताना त्याच्याकडून काम करून घ्यायचे. पेशी हेच प्रोटॉनच्या साहाय्याने करते. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेने ती प्रोटॉन पटलाच्या एका बाजूला ढकलते. परत येताना ते एका खास प्रथिनाच्या चक्रातून जातात, ते चक्र फिरते आणि एटीपी तयार होते. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली आणि तिच्यासाठी त्यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या व्यवस्थेत पटल म्हणजे टाकीची भिंत. भिंतीतून प्रोटॉन झिरपले, तर पंपाचे श्रम वाया जातात. आणि ते झिरपतात. साध्या लिपिड पटलातून प्रोटॉन हे सोडियमच्या आयनांपेक्षा लाखो पटींनी सहज निसटतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिचीच गरज पडणार आहे.

ताण म्हणजे काय ?

कार्बनचे चार एकेरी बंध चार दिशांना फाकलेले असतात आणि कोणत्याही दोन बंधांमधला कोन सुमारे १०९ अंशांचा असतो. तीन अणूंचे वलय करायचे तर हा कोन ६० अंशांवर आणावा लागतो. चार अणूंच्या वलयात तो सुमारे ९० अंश होतो.

वर्गात हे हातांनी अनुभवता येते. मातीचे छोटे गोळे करून त्यांना अर्धवट सुकू द्यावे. पुठ्ठ्याचा १०९ अंशांचा कोन कापून घ्यावा आणि त्याच्या मापाने खराट्याचे हीर गोळ्यांत खोचावेत. सहा गोळ्यांचे वलय जुळवले तर ते सपाट होत नाही, थोडे वर-खाली होते, पण एकही हीर न वाकवता बंद होते. चार गोळ्यांचे वलय बंद करताना हीर वाकवावे लागतात. तीन गोळ्यांना तर बरेच वाकवावे लागतात आणि हात सोडताच वलय उसळून उघडते. हीर सरळ होण्यासाठी जो जोर लावतो, तो म्हणजे ताण.

१८८० च्या आधी सहापेक्षा लहान वलये बनूच शकत नाहीत, असा पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांचा समज होता. म्युनिकमध्ये आडोल्फ फॉन बायर यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुण विल्यम पर्किन (धाकटे) यांनी १८८३-८४ मध्ये तीन व चार अणूंच्या वलयांची संयुगे बनवून दाखवली. त्यानंतर १८८५ मध्ये बायर यांनी ताणाची कल्पना मांडली. आजच्या मापनानुसार चार अणूंच्या एका वलयात मोलमागे सुमारे २६ किलोकॅलरी इतका ताण साठलेला असतो. एक कार्बन-कार्बन बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या जवळजवळ एक-तृतीयांश. तेव्हा "ताणलेली वलये" हे पुस्तकातले वाक्य बरोबर आहे. त्यावरून निघणारे "म्हणून निसर्गात नाहीत" हे अनुमान तेवढे चुकीचे आहे.

तीन अणूंचे वलय

मेदाम्लातले पहिले लहान वलय सापडले ते दूध-भाज्या आंबवणाऱ्या जीवाणूंच्या कुळात. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात क्लाउस हॉफमन यांनी १९५० मध्ये लॅक्टोबॅसिलस जीवाणूंतून एक मेदाम्ल वेगळे केले. त्यात कार्बन होते १९. सजीवांची नेहमीची मेदाम्ले दोन-दोन कार्बन जोडत वाढतात, म्हणून त्यांत कार्बनची संख्या बहुधा सम असते. हा एकोणिसावा कार्बन आला कोठून ?

तो साखळीच्या टोकाला नव्हता, तर मध्यावर, दोन कार्बनांच्या वर छपरासारखा बसला होता. त्या तिघांचे मिळून एक त्रिकोणी वलय झाले होते. या मेदाम्लाला लॅक्टोबॅसिलिक आम्ल म्हणतात. पुढे कळले की जीवाणू आधी साधे असंपृक्त मेदाम्ल बनवतो आणि ते पटलात बसवतो. नंतर एक विकर त्या बसलेल्या रेणूच्या दुहेरी बंधावर एक जादा कार्बन आणून ठेवते. घर बांधून झाल्यावर भिंतीला गिलावा करावा, तसा हा प्रकार आहे.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणूही असेच करतो. अन्न भरपूर असताना, भराभर वाढताना तो वलये फारशी बनवत नाही. अन्न संपत आले, वाढ थांबू लागली, की बहुतेक दुहेरी बंधांवर वलये चढवतो. ज्या ई. कोलायमध्ये हे विकर बनवणारे जनुक निकामी केले आहे, ते जीवाणू एरवी चांगले वाढतात. म्हणून या वलयांचा उपयोग काय, हा प्रश्न बरीच वर्षे पडून होता. १९९९ मध्ये अमेरिकेत चँग आणि क्रोनन यांनी अशा जीवाणूंना एकदम तीव्र आम्लात टाकून पाहिले. वलये असलेले पुष्कळ तगले, वलये नसलेले बहुतेक मेले. उपयोग होता, पण सुखाच्या दिवसांत तो दिसत नव्हता.

क्षयाच्या जीवाणूतही ही त्रिकोणी वलये आहेत. त्याच्या भिंतीत मायकोलिक आम्ले नावाची अजस्र मेदाम्ले असतात. त्यांत ६० ते ९० कार्बन असतात आणि त्यांच्यातील एका मुख्य प्रकाराच्या प्रत्येक रेणूत तीन अणूंची दोन वलये असतात. थुंकीच्या तपासणीत या जीवाणूला चढलेला लाल रंग आम्लाने धुतला तरी उतरत नाही, तो या मेणचट भिंतीमुळे. क्षयावरचे आयसोनायझिड हे औषध मायकोलिक आम्लांचीच निर्मिती रोखते. सन २००० मध्ये असे दिसून आले की यांपैकी एक वलय बनवणारे जनुक काढून टाकले, तर हा जीवाणू उंदराच्या शरीरात फार काळ तग धरू शकत नाही. एक अधिकचा कार्बन, पण रोगाचा चिवटपणा त्यावर अवलंबून !

सहा अणूंची वलयेही मेदाम्लांत आढळतात. उष्ण आणि आम्लधर्मी झऱ्यांत राहणाऱ्या अॅलिसायक्लोबॅसिलस जीवाणूंच्या मेदाम्लांच्या शेपटीच्या टोकाला असे वलय असते. त्यांच्या काही भाऊबंदांनी १९८० च्या दशकात जर्मनीत सफरचंदाचा डबाबंद रस नासवला, तेव्हा कारखानदारांना त्यांची ओळख झाली. रस तापवला तरी त्यांचे बीजाणू मरत नव्हते. पण सहा अणूंच्या वलयात ताण जवळजवळ नसतोच. आपला प्रश्न ताणलेल्या वलयांचा आहे, म्हणून आता शिडीकडे वळू.

यीस्टच्या कारखान्यातील हरवलेला अमोनियम

या शिडीची कथा नायट्रोजनच्या चक्रापासून सुरू होते. अमोनियमचे ऑक्सिडीकरण करणारे जीवाणू पुस्तकात असतात, पण त्यांना ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नसलेल्या जागी अमोनियम तसाच पडून राहतो, असे जवळजवळ शंभर वर्षे शिकवले गेले. १९७७ मध्ये व्हिएन्नाचे एंगेलबर्ट ब्रोडा यांनी कागदावर हिशोब केला. अमोनियम आणि नायट्राइट यांच्या संयोगातून नायट्रोजन वायू आणि पाणी बनताना ऊर्जा सुटते. मग या अभिक्रियेवर जगणारा जीवाणू निसर्गात असायला हवा. तो "हरवलेला" आहे, असे त्यांनी लिहिले.

तो सापडला नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात, यीस्टच्या एका कारखान्याच्या सांडपाण्यात. तेथील आर्नॉल्ड मुल्डर यांना १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिसले की ऑक्सिजन नसलेल्या टाकीतून अमोनियम नाहीसा होत आहे आणि नायट्रोजन वायूचे प्रमाण वाढत आहे. १९९५ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. १९९९ मध्ये मार्क स्ट्राउस आणि सहकाऱ्यांनी हे काम करणारा जीवाणू ओळखला. या अभिक्रियेला अनॅमॉक्स म्हणतात आणि ती करणाऱ्यांना अनॅमॉक्स जीवाणू.

हे जीवाणू अतिशय संथ आहेत. ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना बहुधा दहा ते चौदा दिवस लागतात. दुसरी नवलाची गोष्ट म्हणजे त्यांच्या पेशीच्या आत एक स्वतंत्र खोली असते. साध्या जीवाणूंत अशी पटलाने वेढलेली खोली सहसा नसते. येथे तिने पेशीचा निम्म्याहून अधिक भाग व्यापलेला असतो. तिला अनॅमॉक्सोसोम म्हणतात आणि नायट्रोजन वायू तयार होतो तो तेथेच.

या अभिक्रियेच्या मधल्या पायरीवर हायड्राझीन तयार होते. हायड्राझीन म्हणजे अग्निबाणांत इंधन म्हणून वापरले जाणारे विषारी द्रव्य. एवढ्याशा पेशीत ते मुद्दाम बनवून लगेच वापरले जाते, ही गोष्ट जीवसृष्टीत अनोखी आहे.

पाच वलयांची शिडी

२००२ मध्ये नेदरलँड्समधील टेक्सेल बेटावरच्या सागरी संशोधन संस्थेचे याप सिनिंघे दाम्स्ते आणि डेल्फ्टचे शास्त्रज्ञ यांनी या जीवाणूंची मेदाम्ले तपासली. त्यांना जे दिसले, ते आधी कोणत्याही सजीवात दिसलेले नव्हते. एका मेदाम्लात २० कार्बन होते. त्यांतील आठ साध्या साखळीत आणि उरलेले बारा पाच चौकोनी वलयांत. प्रत्येक वलयाची एक बाजू शेजारच्या वलयाशी सामाईक. आगपेटीच्या काड्यांनी एकाला लागून एक असे पाच चौकोन मांडले की कोपरे मोजून पाहावेत, बाराच भरतील. दुसऱ्या एका प्रकारात तीन चौकोन आणि त्यांच्या टोकाला एक षट्कोन होता. अशा संयुगांना शिडीवरून लॅडरेन असे नाव पडलेले आहे. खरे तर ही शिडी सरळ नाही. प्रत्येक जोडावर ती वळते, त्यामुळे बाजूने पाहिले तर जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते.

एका चौकोनात ताण आहे, हे आपण पाहिले. येथे पाच आहेत ! प्रयोगशाळेत चौकोनी वलये बनवण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे दोन दुहेरी बंध समोरासमोर आणून त्यांवर अतिनील प्रकाश टाकणे. हे जीवाणू मात्र गाळाच्या अंधारात शिड्या बांधतात. ते कोणत्या विकरांनी आणि कोणत्या पायऱ्यांनी, याचा संपूर्ण उलगडा अजून झालेला नाही.

एवढ्या खर्चाच्या वस्तूचा काही उपयोग असणारच, असे वाटणे साहजिक होते. शिड्या ताठ असतात, एकमेकींना घट्ट लागून बसू शकतात, म्हणजे त्यांचे पटल दाट असणार. आणि खोलीच्या आत तर हायड्राझीन आहे. दोन गोष्टी लगेच जुळल्या. हे दाट पटल हायड्राझीनला बाहेर निसटू देत नाही. त्यामुळे पेशीचे विषापासून रक्षण होते आणि मोलाचे द्रव्य वायाही जात नाही. शिबिरात बाईंना आम्ही हेच सांगितले होते. अग्निबाणाचे इंधन कोंडून ठेवणारी शिड्यांची भिंत, हे चित्र श्रोत्यांना फार आवडते. आम्हालाही आवडत होते.

तपासणीला सोळा वर्षे का लागली ?

हे उत्तर तपासायला एक सरळ प्रयोग हवा होता. शुद्ध शिडी-लिपिडांचे पोकळ बुडबुडे करायचे आणि त्यांच्या पटलातून काय किती वेगाने जाते ते मोजायचे. अडचण होती ती लिपिडांची. हे जीवाणू संथ वाढतात. इतर जीवाणूंपासून पूर्ण वेगळे काढून त्यांना शुद्ध स्वरूपात वाढवणे जमलेले नव्हते. त्यांच्यातून मिळणारी लिपिडे वेगवेगळ्या प्रकारांची मिसळ असतात. जीवाणूकडून पुरेसा माल मिळत नसेल, तर तो आपणच बनवायचा, हा एक मार्ग उरला.

१९९० चे नोबेल पारितोषिक मिळवणारे ई. जे. कोरी आणि त्यांचे सहकारी मॅसिटी यांनी २००४ मध्ये पाच वलयांचे हे आम्ल प्रथम प्रयोगशाळेत बनवले. त्या वेळी मूळ रेणू आणि त्याचे आरशातले रूप यांचे मिश्रण मिळाले. २००६ मध्ये त्यांनी दोन्हींतले एकच रूप बनवून दाखवले. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात नोआ बर्न्स यांच्या गटाने २०१६ मध्ये शिडीची शेपटी असलेले पूर्ण फॉस्फोलिपिड तयार केले. त्याचे पटल घट्ट बसते, पण थिजत नाही, हे त्या वेळीच दिसले.

२०१८ मध्ये बर्न्स आणि स्टीव्हन बॉक्सर यांच्या गटांनी मुख्य प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हायड्राझीन शिड्यांच्या पटलातून आरपार गेले, आणि तेही साध्या पटलातून जाते तसेच. भिंतीने त्याला अडवले नव्हते. मागे वळून पाहिले तर यात फार आश्चर्य नाही. हायड्राझीनचा रेणू लहान आहे आणि त्याचा काही भाग विद्युतभाररहित असतो. असे लहान रेणू, पाण्याप्रमाणेच, लिपिडांच्या पटलातून वाट काढतात.

पण त्याच प्रयोगात दुसरी एक गोष्ट दिसली. साध्या पटलांतून सहज झिरपणारे प्रोटॉन शिड्यांच्या पटलातून मात्र फारच सावकाश जात होते.

आता टेकडीवरच्या टाकीकडे परत जाऊ. अनॅमॉक्स जीवाणू हायड्राझीनपासून नायट्रोजन वायू बनवताना इलेक्ट्रॉन मिळवतात, त्यांच्या ऊर्जेने प्रोटॉन अनॅमॉक्सोसोमच्या आत ढकलतात आणि ते बाहेर येताना एटीपी बनवतात. खोलीच्या आतील सामू सुमारे ६.३ आणि बाहेरच्या पेशीरसाचा सुमारे ७.२ भरतो, असे २०१० मध्ये मोजले गेले होते. म्हणजे आत प्रोटॉन जास्त, टाकी खरोखरच भरलेली. दर चौदा दिवसांनी दुप्पट होणाऱ्या जीवाणूचा पंप किती मंद चालत असेल, याची कल्पना करा. जोरात चालणाऱ्या पंपाला थोडी गळती परवडते. मंद पंपाने भरायच्या टाकीला ती परवडत नाही. अशा जीवाणूला भिंत विशेष घट्ट लागणार.

आणि हायड्राझीनचे काय ? ते संपवणारे विकर त्याच खोलीत मुबलक असते. हायड्राझीन तयार होते आणि तेथल्या तेथे वापरले जाते. कोंडून ठेवण्यापेक्षा लगेच खर्च करणे, अशी ती व्यवस्था दिसते.

येथे एक सावधगिरीचा शब्द. प्रयोग झाला तो बनवलेल्या पटलावर. जिवंत जीवाणूच्या पटलात प्रथिने असतात, शिड्यांबरोबर साध्या शेपट्याही असतात. तेव्हा "प्रोटॉन अडवण्यासाठीच शिड्या निर्माण झाल्या" असे ठामपणे म्हणणे घाईचे होईल. "हायड्राझीन अडवणे हे शिड्यांचे काम नसावे, प्रोटॉन अडवणे हे असू शकते" एवढे मात्र आज पुराव्यानिशी सांगता येते.

शिडीचा माग

उपयोग कोणताही असो, शिडीने शास्त्रज्ञांना एक हुकमी खूण दिली आहे. असे मेदाम्ल अनॅमॉक्स जीवाणूंशिवाय दुसऱ्या कोणात आढळलेले नाही. त्यामुळे समुद्राच्या पाण्यात किंवा तळाच्या गाळात ते सापडले, की हे जीवाणू तेथे आहेत किंवा होते, असे समजावे. २००३ मध्ये काळ्या समुद्रात हीच युक्ती वापरली गेली. ज्या थरात ऑक्सिजन नाहीसा होतो आणि अमोनियमही संपतो, नेमक्या त्याच थरात शिड्या सापडल्या. महासागरातून हवेत जाणाऱ्या नायट्रोजन वायूपैकी ३० ते ५० टक्के वाटा या जीवाणूंचा असावा, असा अंदाज त्यानंतर केला गेला.

आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या अरबी समुद्रातही मधल्या खोलीवर ऑक्सिजन अत्यंत कमी असलेला जाड थर आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. २००७ मध्ये अरबी समुद्राच्या पाण्यातही शिड्या सापडल्याचे प्रसिद्ध झाले. पण २००९ मध्ये या संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात असे दिसले की तेथे नायट्रोजन वायू बनवण्याचे मुख्य काम जुनेच, म्हणजे विनायट्रीकरण करणारे जीवाणू करतात. पाऊलखूण सापडली म्हणजे वाघ आहे हे कळते. तो रानातली किती शिकार करतो, हे वेगळे मोजावे लागते.

या जीवाणूंना कामालाही लावले आहे. २००२ मध्ये रॉटरडॅमच्या सांडपाणी केंद्रात पहिली मोठी अनॅमॉक्स टाकी उभी राहिली. तिचे आकारमान ७० घनमीटर होते, आणि जीवाणूंची संथ वाढ लक्षात घेता, ती पूर्ण क्षमतेने चालायला सुमारे साडेतीन वर्षे लागली. पण एकदा चालू झाली की या पद्धतीत पाण्यात हवा फुंकण्याचा खर्च बराच वाचतो, कारण अमोनियमचा एक भागच आधी नायट्राइटमध्ये बदलावा लागतो. उरलेला अनॅमॉक्स जीवाणू हवेशिवाय संपवतात.

वर्गात काय सांगावे ?

नायट्रोजन चक्राची आकृती फळ्यावर काढताना एक बाण वाढवता येईल. अमोनियम आणि नायट्राइट येथून निघून थेट नायट्रोजन वायूपर्यंत जाणारा. पुस्तकात तो नसेल तर बाजूला १९९५ हे साल लिहावे. हा बाण नेमका केव्हा चक्रात आला, हे विद्यार्थ्यांना कळले पाहिजे.

दुसरे असे, की "हा अवयव कशासाठी ?", "हे रसायन कशासाठी ?" असे प्रश्न मुले नेहमी विचारतात. आपण चटकन जुळणारे उत्तर देतो. विषारी द्रव्य आणि जाड भिंत शेजारी-शेजारी दिसली, की भिंत विषासाठीच आहे असे वाटते. शिडीच्या बाबतीत हे उत्तर तर्काला धरून होते, सुंदर होते आणि सोळा वर्षे टिकले, कारण ते तपासण्यासाठी लागणारा पदार्थच कोणाकडे नव्हता. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना एक काम देता येईल. जीवशास्त्राच्या पुस्तकातील अशी पाच "कशासाठी" वाक्ये शोधावीत आणि प्रत्येकापुढे, ते तपासायचे झाल्यास कोणता प्रयोग करावा लागेल, ते लिहावे.

शिबिरांच्या टिपणांची आमची एक वही आहे. "शिड्या हायड्राझीन कोंडून ठेवतात" हे वाक्य तीत शाईने लिहिलेले होते. २०१८ नंतर आम्ही ते एका रेघेने खोडले, पण वाचता येईल असेच ठेवले. त्याखाली नवे वाक्य लिहिले : "शिड्या बहुधा प्रोटॉनची गळती रोखतात." ते मात्र पेन्सिलीने लिहिले आहे.